‘नॅचरल’ फूड घालूनही बुलडॉगला गॅस, पातळ शी आणि खाज: पिशवी बदलण्याआधी काय तपासायचं

तुमच्या बुलडॉगमध्ये खालच्यापैकी दोन-तीन गोष्टी दिसत असतील आणि त्या बऱ्या होऊन पुन्हा पुन्हा उलटत असतील, तर हे तुमच्यासाठी आहे.

- खाल्ल्यानंतर तासा-दोन तासांत असा गॅस की खोलीत बसवत नाही.
- सकाळची शी बांधलेली, संध्याकाळची शेणासारखी सैल.
- सतत पंजे चाटणं. बोटांमधले पांढरे केस तांबूस-तपकिरी झालेले, कधी बोटांमध्ये फोड.
- कान आतून लाल, चेहऱ्याच्या घड्यांना आंबूस वास.
- नवी पिशवी आणली की पहिले आठ-दहा दिवस वाटी चाटूनपुसून साफ, मग नुसतं हुंगून बाजूला होणं.
- वजन वाढतंय, पण केस निस्तेज आणि अंगावर कोंडा.

माझं नागपुरात घरगुती बोर्डिंग आहे. लोक लग्नाला, गावाला जाताना कुत्री माझ्याकडे ठेवतात आणि त्यांत बुलडॉग बरेच असतात. येताना मालक महागाच्या ‘नॅचरल’ फूडची पिशवी देतात आणि दारातच सांगतात, “ताई, एवढं भारी फूड खाऊन राहिला, तरी खाजवून राहिला. आता कोणतं आणू?”

बहुतेकांना मी आधी हेच सांगते की अजून काहीच आणू नका. तेच फूड, त्याच पिशवीतलं, माझ्याकडे चार-पाच दिवस खाल्ल्यावर कितीतरी कुत्र्यांची शी बांधली जाते. म्हणजे दोष बऱ्याचदा फूडच्या कृतीत नसतो. पिशवी कुठे ठेवली, वाटीत किती पडलं आणि वाटीबाहेर काय काय मिळालं, यात तो असतो. ते न बघता ब्रँड बदलत राहिलं की पोट आणखी बिघडतं आणि नेमकं कशानं बिघडलं ते कधीच कळत नाही. म्हणून खालचा क्रम फुकटातल्या गोष्टीपासून सुरू होतो. एका वेळी एकच गोष्ट बदला.

१. दाणा हातात घेऊन वास घ्या

पाच-सहा दाणे तळहातावर घासा, किंवा वाटीत कोमट पाणी घालून त्यात टाका. ऊब मिळाली की खरा वास वर येतो. चांगल्या दाण्याला भाजलेल्या धान्याचा, मांसाचा वास असतो. जुन्या खोबऱ्यासारखा किंवा तळणाच्या उरलेल्या तेलासारखा वास आला तर फूड खवट झालंय. ते फेका, निम्मी पिशवी उरली असली तरी.

ही पायरी पहिली आहे, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात ‘नॅचरल’ फूडचं कमकुवत अंग हेच आहे. ड्राय फूडच्या दाण्यावर चरबीचा थर फवारलेला असतो, चव त्यातूनच येते. ही चरबी हवा आणि उष्णता लागली की खवट होते. ते रोखायला काही कंपन्या बीएचए, बीएचटीसारखी कृत्रिम द्रव्यं घालतात. ‘नॅचरल’ पिशवीत त्यांच्या जागी टोकोफेरॉल, म्हणजे व्हिटॅमिन ई, आणि रोझमेरीचा अर्क असतो. तो घालणं चांगलंच, पण त्याचा टिकाव कमी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ च्या घरात असतो. त्या उन्हात पत्र्याच्या गोदामात महिनाभर पडलेली पिशवी तुमच्या हाती येईपर्यंत निम्मी थकलेली असते.

म्हणून दुकानात घटकांची यादी वाचण्याआधी तारीख वाचा. ‘बेस्ट बिफोर’ किती लांब आहे यापेक्षा उत्पादनाची तारीख किती जवळची आहे ते बघा. पिशवी उन्हाच्या बाजूच्या काचेला लागून ठेवलेली असेल तर दुसरी मागा. काही दुकानांत मोठं पोतं उघडून सुटं फूड किलोवर देतात. ते स्वस्त पडतं, पण पोतं कधी उघडलं, बॅच कोणती, काहीच कळत नाही. बुलडॉगसाठी सुटं घेऊ नका.

२. घरात पिशवी कुठे आहे?

गॅलरी, गच्चीचा जिना, गाडीची डिकी, गॅसच्या ओट्याखालचा कप्पा या जागा बाद. आणि आपल्याकडची खास जागा म्हणजे कूलरसमोरची. खोली थंड लागते म्हणून लोक पिशवी तिथेच ठेवतात. पण कूलरची हवा दमट असते. चिवडा उघडा राहिला की जसा सादळतो, तसे दाणे सादळतात. सादळलेल्या दाण्यावर बुरशी धरते आणि माइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे, वाढतात. या माइटची अ‍ॅलर्जी असलेलं कुत्रं तुम्ही जगातलं सर्वात शुद्ध फूड आणलं तरी खाजवत राहतं. जुलै-ऑगस्टमध्ये कूलर नसला तरी हाच धोका असतो.

फूड मूळ पिशवीतच राहू द्या आणि ती पिशवी तशीच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आतून तेलकट झालेल्या प्लास्टिकच्या डब्यात दाणे ओतले की डब्याचं जुनं खवट तेल नव्या फूडला लागतं. धान्याची कोठी असते ती आतली, कोरडी, अंधारी खोली सर्वात बरी. फ्रिजमध्ये मोठी पिशवी ठेवून सारखी आत-बाहेर करू नका, गार दाण्यांवर पाणी सुटतं.

पिशवीचा आकारही मोजून घ्या. रोज २५० ग्रॅम खाणाऱ्याला १२ किलोची पिशवी ४८ दिवस पुरते. हिवाळ्यात ते चालून जातं. एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत मी ३ किलोचीच घेते, बारा दिवसांत संपते. किलोमागे महाग पडते, पण नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, उघडी पडलेली मोठी पिशवी शेवटी फेकावी लागते तेव्हा हिशेब उलटा होतो. वरच्या लक्षणांतलं ‘पहिले दहा दिवस आवडीनं, मग नको’ हे अनेकदा या पायरीवरच सुटतं.

३. सात दिवसांची वही

फ्रिजवर कागद चिकटवा. घरातल्या प्रत्येकानं कुत्र्याच्या तोंडात काय टाकलं ते लिहायचं. रागवायचं नाही, फक्त लिहायचं. नाहीतर खरं बाहेर येत नाही.

एका घरातला बुलेट नावाचा बुलडॉग माझ्याकडे तीनदा राहून गेला. तिन्ही वेळा चौथ्या दिवशी त्याची शी बांधली आणि घरी गेल्यावर आठवड्यात पुन्हा पातळ. मालक म्हणायचे, “फूडशिवाय काहीच देत नाही.” वही लावली तेव्हा दिसलं की आबाजी सकाळी दूध-पोळी देत होते, मुलं बिस्किटं देत होती आणि रविवारी सावजीच्या मटणाची हाडं. प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच देतो. दोष कुणाचाच नव्हता, सगळ्यांचा जीव त्याच्यावर होता.

पण वयानं मोठ्या कुत्र्यांपैकी पुष्कळांना दुधातली साखर पचत नाही. गॅस आणि पातळ शीचं ते सरळ कारण. सावजी रश्श्यात भरपूर कांदा-लसूण असतो आणि कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजलेलं हाड चिरफळून आतड्यात रुततं. द्राक्षं, मनुका, चॉकलेट तर एकदाही नको. पोह्यांवरची तर्री ‘थोडीशीच’ म्हणून दिली तरी तिखट-तेलाचा त्रास होतोच.

आबाजींना नुसतं नाही म्हणून चालत नाही. त्यांना रोजच्या मापातलेच वीस दाणे वेगळ्या डबीत काढून द्या. देण्याचा आनंद त्यांचा राहतो, पोट कुत्र्याचं राहतं. बुलेटच्या घरी हाच उपाय लागू पडला.

४. माप: कप नको, वजनकाटा घ्या

स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा ही या सगळ्यातली पहिली विकत घ्यायची वस्तू. ‘एक वाटी’ म्हणजे कुणाच्या हातून १०० ग्रॅम, कुणाच्या १६०. जास्त पडलेलं अन्न लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं. गॅस आणि सैल शी तिथूनच येते.

हिशेब मोबाइलवर होतो. कुत्र्याचं किलोतलं वजन तीनदा मांडून आपसांत गुणा, उत्तराचं वर्गमूळ दोनदा काढा, मग ७० नं गुणा. २३ किलोच्या बुलडॉगसाठी: २३ × २३ × २३ = १२,१६७. एक वर्गमूळ ११०.३, दुसरं १०.५. गुणिले ७० म्हणजे ७३५ कॅलरी. ही नुसती पडून राहायला लागणारी ऊर्जा. दिवसभर फरशीवर लोळणाऱ्या मोठ्या बुलडॉगला याच्या १.२ ते १.४ पट पुरते. १.३ धरली तर ९५५. फूडवर किलोला ३,८०० कॅलरी लिहिलं असेल तर दिवसाला २५० ग्रॅम झालं. पिशवीमागचा तक्ता बऱ्याचदा यापेक्षा जास्त सांगतो, कारण तो चालत्या-फिरत्या कुत्र्याच्या हिशेबाचा असतो.

आता आबाजींच्या दोन पोळ्या आठवा. एका तेल लावलेल्या पोळीत शंभराच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे दोन पोळ्यांतच दिवसाचा पाचवा हिस्सा गेला. वरचं खाणं सगळं मिळून दहा टक्क्यांच्या आत ठेवा. प्रौढ नराचं वजन साधारण २३ ते २५ किलो, मादीचं १८ ते २३. फासळ्या हलक्या हातानं चाचपल्यावर लागल्या पाहिजेत. चपट्या नाकाच्या कुत्र्याला जास्तीचा प्रत्येक किलो श्वासाला भारी पडतो आणि आपल्या उन्हाळ्यात तो जिवावर बेततो.

हा हिशेब फक्त मोठ्या कुत्र्यासाठी आहे. वर्षाच्या आतल्या पिल्लाचं माप डॉक्टरांकडून घ्या.

५. तो खातो कसा ते शेजारी बसून बघा

बुलडॉगचा खालचा जबडा पुढे, नाक आत. दाणे उचलायला जीभ आणि ओठ लावतो आणि तेवढ्यात हवा गिळतो. त्यातली काही हवा मागून बाहेर पडते. म्हणून बुलडॉगचा गॅस पूर्ण थांबेल अशी आशा धरू नका, पण तो बराच कमी होऊ शकतो. उथळ, पसरट वाटी किंवा उंचवटे असलेली स्लो फीडर थाळी घ्या. दाणा फार बारीक नको, नुसता गिळला जातो. दिवसाचं माप दोन-तीन वेळांत वाटा. उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आसपास आणि दिवेलागणीनंतर जेवण द्या. धापा टाकणाऱ्या कुत्र्यापुढे वाटी ठेवूच नका, आधी श्वास शांत होऊ द्या. दाणे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवले तर काहींना सोपं जातं, पण भिजवलेलं अर्ध्या तासात संपलं नाही तर फेका.

इथे एक गोष्ट नीट ओळखा. पोट आवळून, उमासे काढून बाहेर येते ती उलटी. जेवल्याबरोबर काही जोर न करता दाणे जसेच्या तसे, नळीच्या आकारात बाहेर येतात ते वेगळं. हे आठवड्यात दोन-तीनदा होत असेल तर फूड बदलत बसू नका. अन्ननलिकेचा किंवा श्वासमार्गाचा दोष असू शकतो, तो डॉक्टरांनीच बघायचा.

६. फूडवर आळ घेण्याआधी अंग तपासा

खाज म्हटलं की लोक थेट चिकनवर येतात. त्याआधी बोटांच्या बेचक्यांत, कानांत, शेपटीखाली गोचीड आणि पिसवा शोधा. आपल्याकडे उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही गोचिडांचे. चेहऱ्याच्या घड्या रोज पुसून कोरड्या करा. अनेक बुलडॉगना आखूड मुरडलेल्या शेपटीखाली खोल खाच असते, मालकांना ती माहीतही नसते. तिथला ओलावा आणि यीस्ट याचा वास लोक ‘फूडचा वास’ समजतात. पंजे चाटण्यामागेही पुष्कळदा धूळ, परागकण, बुरशी यांची अ‍ॅलर्जी असते. खाज ठरावीक ऋतूतच वाढत असेल तर संशय फूडवरून हलवा.

शी पातळ असेल तर ताजा नमुना तपासून घ्या. जंत किंवा जिआर्डिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) निघाले तर कोणतंही फूड चालणार नाही. नवी पिशवी घेण्यापेक्षा ही तपासणी स्वस्त पडते.

७. आता पिशवी बदला, पण मागची बाजू वाचून

वरच्या सहा पायऱ्या दोन-तीन आठवडे पाळूनही फरक नसेल तरच इथे या.

पुढच्या बाजूचं चित्र आणि ‘नॅचरल’ हा शब्द विसरा. अमेरिकेतल्या पशुखाद्य नियमांत या शब्दाचा अर्थ एवढाच, की घटक वनस्पती, प्राणी किंवा खनिजांतून आलेले आहेत, रासायनिक प्रक्रियेनं कृत्रिमरीत्या बनवलेले नाहीत. वरून घातलेली व्हिटॅमिनं-मिनरलं तेवढी अपवाद. मांस किती, पचतं किती, ताजं किती, यातलं काहीही तो शब्द सांगत नाही.

आधी ‘कम्प्लीट’ हा शब्द आणि त्यापुढचं वय शोधा. ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलं असेल तर ते पूर्ण जेवण नाही. मग घटकांची यादी. घटक शिजवण्याआधीच्या वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहितात. ‘फ्रेश चिकन’ पहिलं असलं तरी त्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, सुकल्यावर ते बरंच खाली घसरतं. म्हणून दुसरं-तिसरं नाव ‘चिकन मील’ असेल तर घाबरू नका, ते सुकवलेलं मांसच आहे. घाबरायचं ते नुसत्या ‘मीट मील’, ‘अ‍ॅनिमल फॅट’ला, कारण प्राणी कोणता ते कळत नाही आणि अ‍ॅलर्जी शोधायची वेळ आली की हात बांधले जातात. वाटाणा, वाटाणा प्रोटीन, वाटाणा फायबर अशी एकाच धान्या-कडधान्याची तीन नावं दिसली तर मनात ती एकत्र करा. मग पहिला नंबर कुणाचा ते दिसतं. बाहेरून आलेल्या पिशवीवर ‘विथ लॅम्ब’ असेल तर अमेरिकेच्या नियमानं त्यात तीन टक्के लॅम्ब असलं तरी चालतं.

पिष्टमय भाग सहसा छापत नाहीत, तो काढावा लागतो. प्रोटीन २४, फॅट १४, फायबर ४, पाणी १०, राख (म्हणजे खनिजांचा भाग) ८ असेल तर बेरीज ६०, उरलेले ४० टक्के पिष्टमय. राख लिहिली नसेल तर ७-८ धरा. प्रोटीनची तुलना पाणी वगळून करा: २४ भागिले ९० म्हणजे २६.७ टक्के. अमेरिकी मानकात पाणी वगळून प्रौढ कुत्र्याला किमान १८ आणि वाढत्या पिल्लाला २२.५ टक्के प्रोटीन सांगितलंय. प्रौढ बुलडॉगला माझ्या अनुभवात २४ ते २८ आणि फॅट १२ ते १५ बरं बसतं. याहून जास्त फॅटवर शी लवकर सैल होते.

‘ग्रेन फ्री’च्या मागे लागू नका. कुत्र्यांत अन्नाची अ‍ॅलर्जी जास्त करून बीफ, दूध आणि चिकन यांची दिसते, गहू त्यानंतर. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेनं, वाटाणा, मसूर, बटाटा जास्त असलेल्या अशा फूडचा आणि हृदय फुगण्याच्या आजाराचा संबंध तपासायला घेतला होता. कारण सिद्ध झालं नाही, पण तांदूळ व्यवस्थित पचवणाऱ्या कुत्र्यावर ही जोखीम कशाला?

नवं फूड दहा दिवसांत आणा. पहिले तीन दिवस पाव भाग, पुढचे तीन दिवस अर्धं, मग तीन दिवस पाऊण, दहाव्या दिवशी पूर्ण. मग किमान सहा आठवडे हात लावू नका.

८. एलिमिनेशन डाएट, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच

अन्नाची अ‍ॅलर्जी ओळखायची खात्रीची पद्धत ही एकच. केस, लाळ किंवा रक्त पाठवून येणाऱ्या अन्न-अ‍ॅलर्जीच्या अहवालांवर भिस्त ठेवू नका. कुत्र्यानं कधीच न खाल्लेलं एक मांस, किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेलं हायड्रोलाइज्ड (प्रोटीनचे अगदी बारीक तुकडे केलेलं) फूड, किमान आठ आठवडे. त्या काळात दुसरं काहीही नाही. चिकनच्या चवीची जंताची गोळीसुद्धा नाही, त्यालाही पर्याय विचारा. बाजारातल्या ‘लॅम्ब’ किंवा ‘फिश’ पिशवीमागे बारीक अक्षरात चिकन फॅट किंवा चिकन मील निघतं, ते चालत नाही. बरं वाटल्यावर जुनं फूड पुन्हा सुरू करायचं. दोन आठवड्यांत खाज परतली तरच निदान पक्कं. ही शेवटची पायरी बहुतेक जण टाळतात. मला त्यांची भीती कळते, पण ती टाळली तर नेमकं काय टाळायचं ते आयुष्यभर कळत नाही.

या काळात खाजेवर स्टेरॉइडचं इंजेक्शन मागून घेऊ नका. खाज दबते आणि फूडनं फरक पडला की सुईनं, ते सांगता येत नाही.

इथे थांबा, फूडचा विचार सोडा, गाडी काढा

पोट टम्म फुगलंय, उमासे येतात पण काही पडत नाही. हिरड्या पांढऱ्या, पिवळ्या किंवा निळसर. लघवी कॉफीच्या रंगाची: गोचिडांच्या तापात तांबड्या पेशी फुटल्या की अशी होते. कुत्रं सारखं पाय वर करतंय पण लघवी थेंबथेंब किंवा बंद: बुलडॉगमध्ये युरिक अ‍ॅसिडच्या खड्यांची आनुवंशिक प्रवृत्ती आहे आणि अडलेली लघवी सकाळपर्यंत थांबत नाही. शीमध्ये किंवा उलटीत रक्त. पिल्लाला उलट्या-जुलाब आणि खाणं बंद: पार्व्हो हा विषाणूचा जीवघेणा आजार असू शकतो, एक रात्रही वाट बघू नका. उन्हात घोरल्यासारखा श्वास आणि लाळ: अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि निघा.

तातडीचं नसलं तरी डॉक्टरकडे जायचंच, अशा गोष्टी म्हणजे दोन दिवसांवर टिकलेली पातळ शी, महिन्यात दीड-दोन किलो उतरलेलं वजन, कानातून पू, बोटांमधले फुटलेले फोड. माणसाच्या ब्रुफेन-पॅरासिटामॉलच्या गोळ्या घरच्या घरी देऊ नका.

तुमचे नेहमीचे डॉक्टर नसतील तर सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. महाविद्यालय १९५८ पासूनचं. जाताना चार गोष्टी न्या: पिशवीच्या मागच्या बाजूचा फोटो बॅच नंबर आणि तारखेसकट, सात दिवसांची वही, वजनांची नोंद आणि त्याच सकाळची शी झाकणाच्या स्वच्छ डबीत. कुत्र्याला दुपारी नेऊ नका. सकाळी लवकर निघा, गाडीत पाणी आणि ओला टॉवेल ठेवा.